सोलापूरच्या लॅबमधून यीस्ट जेनेटिक्सकडे: काय शिकायचं, काय बिघडतं आणि का

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात मायक्रोबायोलॉजीचं एम.एस्सी. संपत आलंय आणि यीस्टच्या जेनेटिक्समध्ये संशोधन करायचंय. कॉलेजात ऑटोक्लेव्ह, लॅमिनार, साधा इनक्युबेटर, वॉटरबाथ आणि मायक्रोस्कोप आहे. उणे ८० चा फ्रीझर नाही, टेट्रॅड (एका पिशवीतले चार बीजाणू) फोडायचा मायक्रोमॅनिप्युलेटर, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बारीक सुईनं काम करायचं यंत्र, नाही. बेकरीच्या यीस्टला यूव्ही देऊन म्युटंट (जनुकात बदल झालेल्या पेशी) शोधले, एकही मिळाला नाही. ट्रान्सफॉर्मेशनच्या, म्हणजे बाहेरचा डीएनए पेशीत घालायच्या प्रयोगाच्या, प्लेटा रिकाम्या राहिल्या. बाहेरगावी गेल्याशिवाय काही शिकता येईल का, आणि पुढची वाट कशी आखायची?

पीएचडीसाठी बहुतेक बाहेर जावं लागेल, हे आधीच सांगतो. पण यीस्ट जेनेटिक्सचा गाभा, म्हणजे म्युटंट काढणं, त्याचं क्रॉसिंग (दुसऱ्या यीस्टशी संयोग) करणं आणि निकाल वाचणं, हे सगळं तुमच्याकडे असलेल्या सामानात शिकता येतं. पीएचडीला येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना पीसीआर आणि क्लोनिंग येतं, क्रॉस करता येत नाही. तुम्ही ते शिकून गेलात तर तुमची बाजू भक्कम राहील.

आधी बेकरी यीस्टचं. ते वापरून म्युटंट न मिळणं अपेक्षितच होतं. बेकरीचं आणि डिस्टिलरीचं यीस्ट बहुधा डिप्लॉइड, म्हणजे प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असलेलं, किंवा त्याहून जास्त प्रती असलेलं असतं. यूव्हीनं जनुकाची एक प्रत बिघडली तरी दुसरी काम करत राहते, त्यामुळे अप्रभावी दोष दिसतच नाही. शिवाय असे बरेचसे स्ट्रेन होमोथॅलिक असतात: त्यांचे बीजाणू अंकुरल्यावर पेशी स्वतःचा लिंगप्रकार बदलून आपसातच संयोग करतात, म्हणजे हॅप्लॉइड (एकच प्रत असलेली पेशी) हातात टिकत नाही. म्हणून सुरुवात हेटरोथॅलिक, म्हणजे लिंगप्रकार न बदलणाऱ्या, हॅप्लॉइडपासून करायची. बीवाय४७४१ (‘ए’ प्रकार, हिस्टिडिन, ल्युसिन, मेथिओनिन, युरॅसिल लागतं) आणि बीवाय४७४२ (‘अल्फा’ प्रकार, मेथिओनिनऐवजी लायसिन लागतं) ही जोडी सगळ्यात सोयीची. दोन्ही एस२८८सी या कुळातले. या कुळाचा मोठा भाग १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मर्सेडजवळ सडक्या अंजिरावरून वेगळ्या केलेल्या यीस्टकडून आलेला आहे. १९९६ मध्ये ज्याचा संपूर्ण जीनोम वाचून झाला तो याच कुळाचा: १६ गुणसूत्रं, सुमारे १.२ कोटी बेस, सहा हजारांच्या आसपास जनुकं.

पुण्याच्या एनसीएलमधला (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आणि चंदीगडचा तसाच एमटीसीसी इथे आधी चौकशी करा, आणि मागताना नुसतं ‘सॅकरोमायसिस’ न म्हणता पूर्ण जीनोटाइप (कोणती जनुकं बदललेली आहेत ते) लिहून मागा. यीस्टवर काम करणाऱ्या लॅबना विभागप्रमुखांच्या पत्रासह लिहिलं तर स्ट्रेन मिळण्याची शक्यता चांगली असते. आणताना वायपीडी या यीस्टच्या नेहमीच्या माध्यमाच्या स्लँटवर (नळीत तिरकं गोठवलेलं आगर) आणा. हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याहून चार-पाच तासांत बॅगेतून आलेला स्लँट खुशाल जगतो. ग्लिसरॉलची गोठवलेली वायल मात्र वाटेत वितळते आणि तिचा भरवसा जातो. उणे ८० नसेल तर ४ अंशांवर स्लँट ठेवून दर चार-पाच महिन्यांनी नव्यावर घ्या. उणे २० वर १५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवलेलं यीस्ट हळूहळू मरतं, त्यामुळे ती एकमेव प्रत ठेवू नका. स्लँट बदलताना ३ टक्के ग्लिसरॉल हाच कार्बनस्रोत असलेल्या प्लेटवरही रेघ ओढा. तिथे जे वाढत नाही ते पेटीट, म्हणजे मायटोकाँड्रियाचं कार्य गमावलेलं. साठवणीत ते वाढत जातात, आणि ज्याला तुम्ही नवीन म्युटंट समजाल तो साधा पेटीट निघतो.

आता तापमान. सोलापुरात यीस्टच्या कामात सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो आणि त्याचा संशय सगळ्यात शेवटी येतो. यीस्टला ३० अंश हवेत. त्या तापमानाला वायपीडीत पेशी साधारण ९० मिनिटांत दुप्पट होतात. साध्या बॅक्टेरियॉलॉजिकल इनक्युबेटरला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. एप्रिल-मेमध्ये खोलीच ३८-३९ अंशांवर असली तर बटण ३० वर ठेवून काहीही होत नाही, आतलं तापमान खोलीएवढंच राहतं. आतल्या मधल्या फळीवर पाण्याचा बीकर ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा आणि दुपारी तीनला वाचा. दारावरचा आकडा विसरा. उपाय म्हणजे थंड करू शकणारा बीओडी इनक्युबेटर. तो नसेल तर म्युटंटचं काम जून ते फेब्रुवारीत करा आणि उन्हाळा प्लाझमिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) काढणं, पीसीआर, वाचन यांना द्या. शेकरमध्ये मोटरची उष्णता भर घालते, त्यामुळे शेकरचं तापमानही फ्लास्कमध्ये थर्मामीटर बुडवूनच मोजायचं.

यामागचं कारण नीट समजून घ्या, कारण या विषयातलं एक मोठं तंत्र त्याच्यावरच उभं आहे. ज्या जनुकाशिवाय पेशी जगतच नाही, त्याचा म्युटंट कसा पाळायचा? तर तापमान-संवेदी म्युटंट काढायचा: २३ अंशांवर प्रथिन कसंबसं काम करतं, ३६ वर कोसळतं. लेलंड हार्टवेल यांनी १९७० पासून पेशीचक्राचे म्युटंट याच पद्धतीनं काढले आणि २००१ चं नोबेल त्या कामाला मिळालं. सोलापुरात मे महिन्यात टेबलावर ठेवलेली प्लेट म्हणजे ३६ अंशांची प्लेट. असा म्युटंट तिथे रात्रभर राहिला तर तो मरतो, किंवा त्याहून वाईट, ज्या मोजक्या पेशींमध्ये दोष पुसला गेलाय त्या तेवढ्या उरतात आणि तुम्ही पुढचे सहा महिने भलत्याच यीस्टवर काम करत राहता. लाइट गेल्यावर इनक्युबेटर किती वेळ बंद होता, ते वहीत लिहून ठेवायची सवय लावा.

माध्यमाबद्दल फार लांबवत नाही. वायपीडी: लिटरला यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम, पेप्टोन २० ग्रॅम, डेक्स्ट्रोज २० ग्रॅम, प्लेटसाठी आगर २० ग्रॅम. डेक्स्ट्रोज ४० टक्क्यांचं वेगळं ऑटोक्लेव्ह करून नंतर ५० मिली घाला. एकत्र जास्त वेळ शिजवलं की माध्यम तपकिरी होतं आणि वाढ मंदावते. लाइट जाऊन मधेच दाब उतरला तर वेळ पहिल्यापासून मोजायची. एसडी माध्यमाला (ज्यात लागणारे पदार्थ आपण मोजून घालतो) यीस्ट नायट्रोजन बेस ६.७ ग्रॅम लागतो, पण तो अमोनियम सल्फेटसह असेल तरच. अमोनियम सल्फेट नसलेला डबा असेल तर १.७ ग्रॅम बेस आणि वेगळं ५ ग्रॅम अमोनियम सल्फेट. डब्यावरचं ते बारीक अक्षर न वाचल्यामुळे आख्ख्या बॅचेस फुकट जातात. या माध्यमाचा पीएच खाली असतो, म्हणून आगर अर्ध्या पाण्यात आणि बाकीचं अर्ध्या पाण्यात वेगवेगळं ऑटोक्लेव्ह करून मिसळा. एकत्र शिजवलेलं आगर मऊ पडून रेघ ओढताना फाटतं. लिटरला युरॅसिल, हिस्टिडिन, मेथिओनिन २० मिलिग्रॅम, लायसिन ३० मिलिग्रॅम. ल्युसिन मात्र ६० मिलिग्रॅमपेक्षा कमी नको, बीवाय स्ट्रेन त्यात कंजूषी सहन करत नाहीत. पाणी डिस्टिल्डच. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात प्लेट लवकर सुकते, तेव्हा ९० मिमीच्या प्लेटमध्ये पुरते २५ मिली ओता आणि इनक्युबेटरमध्ये पाण्याचा ट्रे ठेवा.

पहिला प्रयोग कोणता करावा? माझं उत्तर ठाम आहे: लाल कॉलन्या. अ‍ॅडिनिन बनवण्याच्या साखळीत एडीई१ किंवा एडीई२ जनुक बिघडलं की त्याच्या आधीच्या पायरीचा पदार्थ साचतो, तो रिक्तिकेत जाऊन ऑक्सिजनच्या संपर्कात लाल रंगद्रव्य होतो. कॉलनी डोळ्यांनी ओळखता येते, यंत्र लागत नाही, आणि यातून म्युटाजेनेसिसपासून (म्युटंट घडवणं) कॉम्प्लिमेंटेशनपर्यंत (दोन दोष एकाच जनुकात आहेत का ते पाहणं) सगळं शिकून होतं.

करायचं असं. बीवाय४७४१ रात्रभर वायपीडीत वाढवा, दोनदा निर्जंतुक पाण्यानं धुवा, न्यूबॉअर चेंबरवर मोजून मिलीला १ कोटी पेशी करा. आधी मरणाचा आलेख काढायचा: पातळ करून प्लेटवर पसरा, झाकण काढा (काच आणि प्लास्टिक दोन्ही २५४ नॅनोमीटरचा यूव्ही अडवतात), आणि लॅमिनारच्या यूव्हीखाली ०, ५, १०, २०, ३०, ४५ सेकंद ठेवून किती जगतात ते मोजा. दुसऱ्या लॅबचे सेकंद वापरू नका. दिवा जुना झाला की निळसर उजेड तसाच दिसतो, पण उपयोगाचा यूव्ही कमी झालेला असतो, आणि अंतर बदललं की मात्राही बदलते. साधारण २० टक्के पेशी जगतील ती वेळ निवडा. मग प्लेटला सुमारे १,२५० पेशी पसरा, म्हणजे २५० कॉलन्या येतील. यूव्ही दिल्या दिल्या प्लेटा काळ्या कागदात गुंडाळून इनक्युबेटरमध्ये. यीस्टकडे फोटोलायेज हे एंझाइम आहे; खिडकीतला उजेड मिळाला की ते यूव्हीनं झालेली जखम दुरुस्त करतं आणि तुमचे म्युटंट हातचे जातात. बऱ्याच जणांचा प्रयोग फसतो तो याच पायरीला. लाल कॉलनी काही हजारांत एखादी मिळते, तेव्हा ३० प्लेटा, म्हणजे सात-साडेसात हजार कॉलन्या, असा हिशेब धरा. पाच प्लेटांत काही दिसलं नाही म्हणून प्रयोग सोडणं चुकीचं.

रंग तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसू लागतो आणि नंतर फ्रीजमध्ये गडद होतो. दाटीच्या प्लेटवर नीट उमटत नाही. यीस्ट एक्स्ट्रॅक्टच्या एखाद्या लॉटमध्ये अ‍ॅडिनिन जास्त असलं की कॉलनी पांढरीच राहते. मग त्याचं प्रमाण निम्मं करून पाहा. अर्धी लाल, अर्धी पांढरी कॉलनी दिसली तर आनंद माना: डीएनएच्या एका धाग्यावर बदल झाला होता आणि पहिल्याच विभाजनात तो वेगळा पडला. लाल भागातून रेघ ओढून शुद्ध करा, मग ग्लिसरॉलच्या प्लेटवर तपासा. पेटीट झालेला एडीई२ म्युटंट पांढरा दिसतो, कारण रंग यायला श्वसन चालू असावं लागतं.

हाच प्रयोग बीवाय४७४२ वरही करा. आता तुमच्याकडे दोन्ही लिंगप्रकारांचे लाल म्युटंट झाले, आणि खरा जेनेटिक्सचा भाग इथून सुरू होतो. प्रत्येक ‘ए’ म्युटंट प्रत्येक ‘अल्फा’ म्युटंटशी वायपीडीवर मिसळा, रात्रभर ३० अंशांवर ठेवा, मग मेथिओनिन आणि लायसिन दोन्ही नसलेल्या, पण लिटरला १० मिलिग्रॅम अ‍ॅडिनिन असलेल्या एसडी प्लेटवर मखमलीनं छाप घ्या. एका जनकाला मेथिओनिन लागतं, दुसऱ्याला लायसिन. दोघांशिवाय वाढतो तो फक्त डिप्लॉइड. डिप्लॉइड लाल राहिला तर दोघांचा दोष एकाच जनुकात, पांढरा झाला तर वेगवेगळ्या. हीच छाप अ‍ॅडिनिन अजिबात नसलेल्या प्लेटवरही घ्या, तिथे वाढ झाली की नाही हे रंगापेक्षा स्वच्छ वाचता येतं. सगळे म्युटंट दोन गटांत पडायला हवेत, आणि बहुधा एक गट मोठा असेल: एडीई२ सुमारे १,७०० बेसचं आहे, एडीई१ सुमारे ९००, त्यामुळे यूव्हीला मोठं लक्ष्य जास्त वेळा सापडतं. बाहेरून टेस्टर स्ट्रेन (दोष आधीच माहीत असलेले) न मागवता, सिक्वेन्सिंग न करता जनुकं दोन आहेत हे तुम्ही सिद्ध केलेलं असतं. एखादा म्युटंट सगळ्यांशीच लाल आला तर तो प्रभावी दोष आहे का, हे बघायला त्याचा संयोग मूळ बीवाय४७४२ शी करून पाहा.

छाप घेण्यासाठी मखमल लागते, आणि सोलापूर कापडाचं गाव असल्यानं ती मिळायला अडचण नाही. पण कापड बघून घ्या. टॉवेलचं टेरी कापड चालत नाही. त्याला धाग्यांची वेटोळी असतात, ती पाणी धरून ठेवतात आणि कॉलन्या एकमेकींत पसरतात. कापलेल्या लवेची सुती मखमल हवी. पॉलिएस्टरची मखमल पाणी शोषत नाही, त्यामुळे ओल पृष्ठभागावर राहून छाप फाकते. १५ सेंमीचे चौकोन कापून, एकदा धुऊन, फॉइलमध्ये गुंडाळून ऑटोक्लेव्ह करा आणि पूर्ण वाळवा. ओलसर मखमलीवर छाप पसरतेच. ठोकळा ८० ते ८५ मिमी व्यासाचा, लाकडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा. इथल्या कुठल्याही लेथवर करून मिळेल. एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये ही पद्धत आणली, आणि ती आजही बदलावी लागलेली नाही.

आता रिकाम्या राहिलेल्या ट्रान्सफॉर्मेशनच्या प्लेटा. रिकॉम्बिनंट प्लाझमिडच्या कामाला संस्थेच्या बायोसेफ्टी समितीची मंजुरी लागते, ती आधी घ्या. लिथियम अ‍ॅसिटेट पद्धतीचं प्रमाण एका नळीला असं: ५० टक्के पीईजी ३३५० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) २४० मायक्रोलिटर, १ मोलर लिथियम अ‍ॅसिटेट ३६, मिलीला २ मिलिग्रॅम असलेला एकधागी कॅरिअर डीएनए ५०, आणि प्लाझमिड अधिक पाणी ३४, एकूण ३६०. पेशींच्या गोळीवर याच क्रमानं घालायचं, पीईजी पहिलं, कारण पीईजीशिवाय तीव्र लिथियम पेशींना झोंबतं. पेशी मिलीला ५० लाखांपासून सुरू करून २ कोटींपर्यंत, म्हणजे दोन विभाजनं, वाढवलेल्या हव्यात. ढवळून एकजीव करा, ४२ अंशांच्या वॉटरबाथमध्ये ४० मिनिटं, मग हलकं सेंट्रिफ्यूज, १ मिली पाण्यात अलगद मिसळून १०० ते २०० मायक्रोलिटर पसरा. तीन दिवसांनी मोजा.

कॉलन्या न येण्याची कारणं माझ्या मते या क्रमानं तपासावीत. पेशी रात्रभराच्या, म्हणजे थकलेल्या होत्या का? नंतर पीईजी: ५० ग्रॅम पीईजीचं पाण्यासह एकूण आकारमान १०० मिली करायचं असतं, १०० मिली पाण्यात ५० ग्रॅम टाकलं तर ते पातळ झालं. उलट झाकण सैल असलेल्या बाटलीतून इथल्या उन्हाळ्यात पाणी उडतं आणि ते दाट होतं. दोन्हीकडे कार्यक्षमता घसरते. म्हणून लहान, घट्ट झाकणाच्या नळ्यांत वाटून ठेवा. मग कॅरिअर डीएनए: वापरण्याआधी ५ मिनिटं उकळून लगेच बर्फात गेला पाहिजे, टेबलावर राहिला की धागे पुन्हा जुळतात आणि तो निरुपयोगी होतो. शेवटी प्लेट: प्लाझमिडवर यूआरए३ (युरॅसिल बनवायला लागणारं जनुक) आहे आणि तुम्ही ल्युसिन नसलेल्या प्लेटवर पसरताय, असं घडतं. प्रत्येक वेळी तीन नियंत्रणं ठेवा: डीएनएशिवाय, खात्रीचं सेंट्रोमिअर प्लाझमिड घालून, आणि पातळ करून साध्या वायपीडीवर. तिसऱ्या प्लेटवर कॉलन्या नसतील तर पेशी मेल्या होत्या, डीएनएला दोष देऊ नका. पद्धत बसली की मायक्रोग्रॅमला लाखाच्या घरात ट्रान्सफॉर्मंट मिळतात. नवख्याला काही हजार मिळाले तरी काम चालतं.

जनुक उडवायचं असेल तर कॅनएमएक्स कॅसेटच्या (जी४१८ या औषधाला प्रतिकार देणारा डीएनएचा तुकडा) दोन्ही टोकांना ४० ते ४५ बेसचा जुळणारा भाग प्रायमरमधूनच जोडता येतो. इथे ४२ अंशांनंतर पेशींना वायपीडीत तीन-चार तास वाढू द्या, मग मिलीला २०० मायक्रोग्रॅम जी४१८ असलेल्या प्लेटवर पसरा. लगेच पसरल्या तर प्रतिकाराचं प्रथिन बनायच्या आतच पेशी मरतात. दुसऱ्या दिवशी बारीक बारीक कॉलन्यांचं गवत उगवतं, त्याला भुलू नका. नव्या जी४१८ प्लेटवर छाप घेतली की खऱ्या तेवढ्या उरतात. एसडी माध्यमात जी४१८ वापरायचं तर अमोनियम सल्फेट काढून लिटरला १ ग्रॅम मोनोसोडियम ग्लुटामेट घाला, नाहीतर औषध नीट लागू पडत नाही. पीसीआरनं दोन्ही सांधे तपासा आणि मूळ जनुक खरंच गेलंय का हेही पाहा. काही वेळा पेशीत त्या गुणसूत्राची जादा प्रत असते. कॅसेट एका प्रतीत बसते आणि दुसरी तशीच राहते.

आणि इथे थांबू नका. ट्रान्सफॉर्मेशनमध्ये पेशींवर ताण येतो, दुसरीकडेही बदल होतात. दिसणारा दोष उडवलेल्या जनुकामुळेच आहे हे सांगायचं तर मूळ स्ट्रेनशी क्रॉस करून जी४१८ प्रतिकार आणि तो दोष प्रत्येक टेट्रॅडमध्ये बरोबर जातात का, २:२ पडतात का, हे बघावं लागतं. याच पायरीला कंटाळा केल्यामुळे प्रबंधाची प्रकरणं कोसळतात.

बीजाणूंसाठी डिप्लॉइड वायपीडीवर ताजा वाढवून १ टक्का पोटॅशियम अ‍ॅसिटेट, ०.१ टक्के यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, ०.०५ टक्के डेक्स्ट्रोज अशा माध्यमात टाका. फ्लास्कच्या दहाव्या भागाएवढंच द्रव, २५ अंश, भरपूर हवा. बीवाय कूळ यात आळशी आहे: पाच ते सात दिवस लागतात आणि टेट्रॅड कमीच मिळतात. तापमान वाढलं की बीजाणू आणखी घटतात, तेव्हा हे काम सोलापुरात थंडीच्या महिन्यांत करा. मायक्रोमॅनिप्युलेटर नसेल तर सुटे बीजाणू तपासा: झायमोलायेजनं (मिलीला ०.५ मिलिग्रॅम) पिशवीची भिंत विरघळवा, ०.५ मिमीच्या काचमण्यांसह व्हॉर्टेक्स करून बीजाणू सुटे करा, प्लेटला २०० पसरा. न फुटलेले डिप्लॉइड मिसळलेले असतात. पण बीवायच्या क्रॉसमध्ये ज्या कॉलनीला मेथिओनिन किंवा लायसिन लागतं ती नक्की बीजाणूतून आलेली, तेवढ्याच मोजा. काही पुस्तकांत ईथरनं डिप्लॉइड मारायला सांगतात. ईथर ३५ अंशांच्या आतच उकळतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात खोलीच्या तापमानालाच त्याची वाफ होते आणि बर्नर पेटलेला असेल तर स्फोट. उन्हाळ्यात ते वापरूच नका.

सुट्या बीजाणूंवरून दोन जनुकं जोडलेली आहेत का ते कळतं, पण टेट्रॅडइतकी माहिती मिळत नाही. टेट्रॅड मोजता आले तर दोन जनुकांतलं अंतर (सेंटिमॉर्गन या एककात) = (टेट्राटाइप + ६ × नॉनपॅरेंटल डायटाइप) ÷ (२ × एकूण टेट्रॅड) × १००. टेट्राटाइपमध्ये चार बीजाणू चार तऱ्हांचे असतात, नॉनपॅरेंटल डायटाइपमध्ये दोनच तऱ्हा, आणि त्या दोन्ही जनकांहून वेगळ्या. यीस्टमध्ये १ सेंटिमॉर्गन म्हणजे सुमारे ३,००० बेस. हे गणित कागदावर करून ठेवा, मुलाखतीला विचारतात.

आता कारकिर्दीबद्दल. या क्षेत्रात टिकलेली मोठी कामं पाहिली तर सगळ्यांच्या मुळाशी एक नेमका प्रश्न आणि तो वाचायची एक हुशार युक्ती दिसते. रँडी शेकमन आणि पीटर नोविक यांनी विचार केला की पेशीचा स्राव बंद पडला तर आत प्रथिनं साचून ती जड होईल. मग घनतेच्या स्तंभात तळाशी जाणाऱ्या पेशी गोळा केल्या आणि १९८० पर्यंत २३ जनुकं सापडली. योशिनोरी ओसुमी यांनी १९८८ मध्ये, ४३ व्या वर्षी, टोकियोत स्वतःची लॅब सुरू केली. प्रथिनं पचवू न शकणाऱ्या यीस्टला उपाशी ठेवलं की रिक्तिकेत पुटिका साचतात, हे त्यांनी साध्या मायक्रोस्कोपखाली पाहिलं, आणि ज्यांच्यात ते घडत नाही असे म्युटंट शोधून १९९३ मध्ये १५ जनुकांची यादी दिली. शेकमन यांना २०१३ चं, ओसुमी यांना २०१६ चं नोबेल. म्हणून पीएचडीच्या मुलाखतीत ‘मला क्रिस्पर करायचंय’ असं सांगण्यापेक्षा ‘मला अमुक प्रश्न आहे आणि तो असा वाचता येईल’ असं सांगा.

सोलापूरजवळ असा प्रश्न हाताशी आहे. जिल्ह्यात साखर कारखाने आणि त्यांच्या डिस्टिलरी आहेत. मळीच्या आंबवणीत यीस्टला उष्णता, अल्कोहोल आणि क्षार एकदम सोसावे लागतात, आणि उन्हाळ्यात टाक्या थंड ठेवणं अवघड जातं. ब्राझीलच्या इथेनॉल उद्योगात बाहेरून टाकलेल्या यीस्टला हटवून टाक्यांत स्वतः शिरलेली जंगली यीस्ट टिकून राहिली. पीई-२ हा प्रसिद्ध स्ट्रेन त्यातूनच आला. इथल्या टाक्यांतून, उसाच्या रसातून, डाळिंबाच्या फुटक्या फळांवरून यीस्ट वेगळी करून ४० अंशांवर कोण वाढतं हे पाहणं एम.एस्सी.च्या प्रकल्पात बसतं. फक्त एक लक्षात ठेवा: उष्णता सोसण्याचा गुण अनेक जनुकांवर अवलंबून असतो आणि जंगली स्ट्रेन क्रॉसला दाद देतीलच असं नाही. म्हणून बीवायवर क्रॉस करणं आधी शिका, मग इकडे वळा. जीनोम छोटा असल्याचा फायदाही आहे. ५० पट खोलीचं सिक्वेन्सिंग म्हणजे जेमतेम ६० कोटी बेस, तेव्हा पाचसहा चांगल्या स्ट्रेनचं काम बाहेरून करून घेणं कॉलेजच्या प्रकल्पातही शक्य होतं. संगणकाचा भाग आणि सॅकरोमायसिस जीनोम डेटाबेस वापरायला शिकणं हे घरबसल्या होतं. डेटाबेस मोफत आहे.

पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट, डीबीटीची बीईटी, गेट आणि जेजीईईबीआयएलएस या परीक्षा. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. बंगळुरूचं आयआयएससी आणि इनस्टेम, हैदराबादचं सीसीएमबी, चंदीगडचं इमटेक, आयआयटी मद्रास इथे यीस्टवर काम झालेलं आहे. अर्ज करताना मात्र संस्थेचं नाव न बघता त्या गटाचे गेल्या पाच वर्षांतले शोधनिबंध बघा आणि पहिला लेखक विद्यार्थी आहे का ते पाहा. त्याआधी विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप मिळवा. टेट्रॅड फोडणं हाताला बसायला तेवढा काळ पुरतो. उद्योगातही जागा आहे. हिपॅटायटिस बीची लस १९८६ पासून यीस्टमध्ये बनते, हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं १९९७ मध्ये पिचिया यीस्ट वापरून ती आणली, आणि इन्सुलिनही यीस्टमध्ये तयार होतं.

लॅबप्रमुखांना ईमेल पाठवताना अर्ध्या पानात एवढंच लिहा: त्यांच्या कोणत्या निबंधातला कोणता प्रयोग वाचला, त्यातलं काय पुढे करून बघावंसं वाटतं, आणि स्वतः काय केलंय. ‘बीवाय४७४१ आणि ४७४२ मध्ये यूव्हीनं लाल म्युटंट काढले, कॉम्प्लिमेंटेशनचे दोन गट मिळाले, तक्ता जोडला आहे’ या वाक्याला गुणपत्रिकेपेक्षा आधी उत्तर येतं. तक्त्यात मिळालेले सगळे क्रॉस द्या, न जुळलेलेही, आणि ते का जुळले नसावेत याचा तुमचा अंदाज एका ओळीत लिहा.